मोज्यांची जास्तीची जोडी

आज कपाट आवरताना लोकरीच्या मोज्यांना डांबरगोळ्यांचा वास आला आणि दुबईतील बंदिस्त बर्फाच्या उतारावरची ती चाचणी आठवली. शाळेतील नोकरी सोडून मी स्की-प्रशिक्षकाचा मदतनीस होऊ पाहत होतो. उत्तीर्ण झालो, तरच पत्नीला व मुलीला पुण्याहून आणता येणार होते. थंडी बाधू नये म्हणून मी मोज्यांच्या दोन जोड्या चढवल्या. घट्ट बुटांत पाय बधिर झाले आणि मी दोनदा पडलो.

मनालीचे वरिष्ठ प्रशिक्षक ठाकूरजी माझ्या बुटांतली दुहेरी लोकर पाहून हसले. "मास्टरजी, पूना की सारी ऊन यहीं ले आए? एक जोड़ी उतारो, खून चलने दो."

परीक्षकांकडून त्यांनी माझ्यासाठी पाच मिनिटे मागून घेतली. एक जोडी काढून तिसऱ्यांदा मी न पडता खाली पोहोचलो.

मुलगी आता इथेच, दुबईतल्या अल बर्शात संसार करते. त्या पाच मिनिटांवर आमची इथली सारी वर्षे उभी आहेत.