सातव्या वाफ्यातली काकडी

"दुधीला पिवळं फूल आलंय म्हणे," तिकीटखिडकीवरची बाई तिकिटांची गड्डी सोडवता सोडवता म्हणाली.

"हळू बोल," माळी म्हणाला.

"मी हळूच बोलतेय. फूलच बोंबलतंय. चष्मा लावा, चष्मा लावा म्हणून घसा कोरडा पडला माझा. पण नाही. म्हातारं दिसायचं नाही ना तुम्हाला."

बाई त्याचीच बायको, म्हणून त्यानं ऐकून घेतलं.

मोठ्या वनस्पती उद्यानाच्या एका कोपऱ्यात पोरांची बाग आहे, तिचा हा माळी. शाळा चौथीत सुटली, तरी सगळे त्याला मास्तर म्हणतात, कारण झाडांशी तो हातात छडी असल्यासारखा बोलतो. लाजाळूला म्हणतो, "मिटलीस? कुणी हात लावला तुला? उगा नखरे." उद्यानात सगळीकडे 'हात लावू नये'च्या पाट्या. इथं मात्र हात लावा, हुंगा, पानं कुस्करा, सगळं माफ. शिवाय दर वर्षी एकेका पोराला हातभर वाफा मिळतो. त्यात स्वतःच्या हातानं वेलीची बी टोचायची आणि दर रविवारी येऊन बघायची.

आता बी म्हटली की चारातली एक दगा देतेच. पण मास्तरच्या बागेत बावीस वर्षांत एकही वाफा रिकामा राहिला नव्हता. लोक म्हणायचे, हातगुण. हातगुण कसला डोंबलाचा! अवजारांच्या खोलीमागं पिशव्यांत जादा रोपं वाढवलेली असत. फाटक उघडायच्या आधी रिकाम्या वाफ्यात एक बसवायचं, झारीनं पाणी मारायचं, अंगठ्याचा ठसा पुसायचा. मग पोरं नाचायची, माझी उगवली, माझी उगवली. ही लबाडी ठाऊक होती फक्त बायकोला.

यंदा सातव्या वाफ्यात गफलत झाली. दोन पानांवर असताना दुधी आणि काकडी म्हणजे सख्खी भावंडं. बिनचष्म्याच्या मास्तरनं दुधीच्या जागी काकडी बसवली. आणि वाफा कुणाचा? तर वहीवालीचा. नऊ वर्षांची, जाड भिंगांची पोरगी, पानं पट्टीनं मोजून वहीत लिहिणारी. आज रविवार. ती विचारणार, सातव्याचं बिंग फुटलं की बावीस वर्षांचं फुटणार, आणि सगळी पोरं आपल्याला खोटारडा म्हणणार. या धास्तीनं मास्तरनं सकाळपासून एकच कोपरा तीनदा झाडला होता.

ती आली. फूल बघितलं, मग पाटी बघितली. पाटी मास्तरनंच रंगवलेली: दुधी. पान मखमली, फूल पांढरं.

"काका, हे पिवळं आहे. पान तर पहिल्यापासून खरखरीत."

"हवामान बदललंय, बाळ."

पोरीनं वही मिटली. "माझी बी मी पहिल्याच रविवारी उकरून बघितली होती. सडलेली. मी टाकून दिली. मग वेल कुठून आली?"

मास्तरच्या डोक्यावरची टोपी हातात आली. "इतके दिवस बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले."

"मीच लावली," मास्तर म्हणाला. "रिकामा वाफा बघवत नाही मला. काकडी आहे ती. नीट दिसलं नाही."

"तुम्हाला चष्मा नाही?"

"आहे की. खिशात."

"खिशाला कमी दिसतं का?"

शेजारच्या वाफ्यापाशी एक पोरगं आपल्या वेलीची आजीशी ओळख करून देत होतं. वहीवालीनं आवाज खाली आणला. "याचीपण तुम्हीच लावली?"

"नाही. ती त्याचीच." नशीब, ते खरं होतं.

"मी कुणाला सांगणार नाही. पण मला दुसरी बी द्या. मी उकरणार नाही, तुम्हीपण हात लावायचा नाही. नाही उगवली तर नाही."

काकडी काठीवर तशीच ठेवून वाफ्याच्या दुसऱ्या टोकाला तिनं दुधीची बी टोचली.

एक रविवार गेला, काही नाही. दुसऱ्या रविवारी फाटक उघडायच्या आधी बायको खिडकी सोडून वाफ्यापाशी आली.

"मागं दुधीची चार रोपं उभी आहेत. लावा की एक. कोण बघतंय?"

मास्तरनं चष्मा नाकावर चढवला आणि वाकला. माती सपाट. दोन बोटं शिवशिवली, ती त्यानं मुठीत घेतली.

"मी बघतोय," तो म्हणाला, आणि खुरपं उचलून आठव्या वाफ्यातली हरळी काढायला बसला.