स्टिअरिंगवर कोण होतं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. मित्राला नाही, भावाला नाही, देवापुढे हात जोडतानाही नाही. तुम्हाला का सांगतोय, ते मलाही नीट कळत नाही. आत साठून साठून आता श्वास पुरत नाही, एवढंच.

मयूर विहारमधल्या आमच्या मराठी मंडळींत गाडीच्या विम्याचा जाणकार म्हणून मला भाव होता. दिल्लीच्या नोंदणीवर प्रीमियम जास्त बसतो, म्हणून मी गाडी साताऱ्याच्या घरच्या पत्त्यावर घेतलेली. बारीकसारीक पोचे पदरच्या खर्चाने करोल बागेतल्या गॅरेजात काढून घ्यायचे, क्लेम करायचा नाही — म्हणजे नो क्लेम बोनसची सूट टिकते. लोक विचारायला यायचे, मी चहा पीत शहाणपणा वाटायचो. मिजास होती हो मला, उगाच कशाला नाकारू?

आणि या हुशार माणसाचं स्वतःचं लायसन्स संपलेलं होतं. तेही साताऱ्याचं. दिवाळीला गावी गेलो की रिन्यू करू — नाहीतर गणपतीत करू — दर सुट्टीत राहून जायचं. तरी रोज गुरुग्रामच्या ऑफिसला गाडी नेत होतोच. काय होणार होतं?

झालं ते आमच्याच सोसायटीच्या गेटशी. गाडी मागे घेताना शिंदेकाकांना धडक बसली. सैन्यातून निवृत्त झालेले काका, शेजारच्या इमारतीतले, आमच्या मुलीला सायकल शिकवणारे. ते पाठमोरे होते. मांडीचं हाड मोडलं. माझी बायको वैदेही शेजारच्या सीटवर होती. किंचाळत तीच आधी उतरली, काकांचं डोकं तिने मांडीवर घेतलं. आणि मी? मी आत बसून विचार करत होतो — लायसन्स नाही, विमा कंपनी हात वर करणार, सगळी भरपाई माझ्या डोक्यावर.

वैदेहीचं लायसन्स दिल्लीचं होतं, चालू. लोक जमायच्या आत मी तिच्या कानाशी गेलो. फक्त कागदापुरतं, म्हणालो. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मान डोलावली. मग पोलिसांना, काकूंना, सगळ्यांना मीच सांगितलं की गाडी वैदेही चालवत होती.

गाडी मी चालवत होतो.

असलं काही कागदापुरतं राहतं का? काकांचा पाय अधू झाला. काकूंनी वैदेहीला हळदीकुंकवाला बोलावणं सोडलं, मग बाकीच्याही टाळू लागल्या. इथे परमुलखात आपली म्हणावीत अशी मोजकीच घरं, तीही तिला तुटली. तिला गाडी चालवायची केवढी हौस होती — पुन्हा चावीला हात लावला नाही तिने. मुलगी अठरा वर्षांची झाली तेव्हा वैदेही कधी नव्हे ते तिला म्हणाली, तुला गाडी मी शिकवते. मुलगी हसली. "नको यार आई, तू तर शिंदे आजोबांना उडवलं होतंस. बाबा, तू शिकव ना." आणि मी — मीही हसलो. वैदेही उठून स्वयंपाकघरात गेली.

मध्यंतरी काकांनी अंथरूण धरलं. वैदेही मला घेऊन त्यांना भेटायला गेली. तिने काकांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि माफी मागितली. रडत, मनापासून. न केलेल्या गोष्टीची माफी इतकी मनापासून कशी मागता येते? तिला विचारायची माझी हिंमत नाही.

काकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "जाऊ दे पोरी. तू मुद्दाम थोडंच केलंस?"

मी दारात उभा होतो. काका शुद्धीत होते, काकू समोर होत्या, एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो, "चल, काकांना आराम करू दे."

त्याच आठवड्यात काका गेले. त्यांनी माफ केलं ते वैदेहीला. धडक मी दिली होती, हे त्यांना कळलंच नाही.