राजनंदिनीची एक आज्ञा

राजनंदिनीने आपल्याच हाताने आपली गरज संपवून टाकली, हा विचार काही केल्या माझ्या डोक्यातून जात नाही. साडेअकरा वाजलेत. झोप नाही, म्हणून लिहायला बसले.

राजनंदिनी माझी थोरली, सव्वीस वर्षांची. आम्ही पारनेरला. ती नगरला खोली घेऊन राहते आणि नागापूरजवळच्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत काम करते. माणसं दहा, खोल्या दोन, कूलर एक. दूध संकलन केंद्रांवर कुणी किती दूध घातलं ते दाखवणारं ॲप ही मंडळी जावास्क्रिप्टमध्ये बनवतात.

पण कोड लिहिला की ॲप तयार, असं नसतं. आधीची प्रत पुसायची, नवी जोडायची, तपासायची, मग केंद्रांना पाठवायची. प्रत्येक कामाला वेगळी आज्ञा, आणि एकेक आज्ञा मालगाडीएवढी लांब. ज्याला जे लागलं ते त्याने मागे जोडत नेलेलं. हा सगळा क्रम पाठ एकट्या राजनंदिनीला. म्हणून ती जिथे जाईल तिथे लॅपटॉप जायचा.

गेल्या वैशाखात माझ्या भाच्याचं लग्न होतं. मंगलाष्टकं चाललेली, आमच्या बाईसाहेबांच्या एका मुठीत अक्षता, दुसऱ्या हातात मोबाईल. पलीकडे तिच्या ऑफिसातला गोरक्ष.

"आधी जुनं फोल्डर पुस."

"ताई, माझा कॉम्प्युटर म्हणतोय, असली आज्ञाच नाही."

"अरे, तुझं विंडोज आहे. तुला ती वेगळी लिहावी लागेल. थांब, सांगते..."

तेवढ्यात बँड सुरू झाला. गोरक्षला पुढचं काही ऐकू गेलं नाही. त्याने पुसणं सोडून दिलं आणि बाकीचं उरकलं. त्याच्याकडे दिवाळीत बनवलेली प्रत पडून होती, तीच सगळीकडे गेली. अर्ध्या तासात एका केंद्रावरून फोन.

"ताई, वैशाखात ॲपवर आकाशकंदील कशापायी लावलाय? बोनस देताय का?"

पोरीने तांदळाच्या पोत्यावर बसून ते निस्तरलं. मांडीवर लॅपटॉप, त्यावर जिलबीची वाटी.

त्यानंतर चार दिवस ती एक फाइल लिहीत बसली होती. मी विचारलं तर मलाच उलट विचारते, "आई, कुरडयांचे गहू आधीच भिजलेले असले तर पुन्हा भिजवतेस का?"

"कशाला भिजवीन?"

"आणि चीक बिघडला तर साच्यात घालतेस?"

"मी काय वेडी आहे?"

"मग झालं तर! कशाच्या आधी काय, हे एकदाच लिहून ठेवायचं. टास्क रनर म्हणतात त्याला. मी कामांना नावं दिलीत: पुस, जोड, तपास, पाठव. नुसतं 'पाठव' म्हटलं की आधीचं सगळं तो आपणहून करतो. तपासणीत खोट निघाली की तिथेच थांबतो. कॉम्प्युटर कुठलाही असू दे."

"म्हणजे आता कुणालाही जमेल?"

"गोरक्षलासुद्धा!" म्हणून खिदळली.

मला मात्र हसू आलं नाही. आज रात्री तिचा फोन आला. ऑफिसात एक माणूस कमी करणार अशी कुजबुज आहे, आणि मालक मच्छिंद्र सरांनी तिला सोमवारी बोलायला बोलावलंय.

"शेवटची एक गोष्ट तरी आपल्या हातात ठेवायची होतीस," मी म्हणाले.

"आई, तू झोप बरं." फोन बंद.

मी सरांचा नंबर शोधून कॅलेंडरवर लिहूनही ठेवला. सकाळी त्यांना फोन करून सांगणार होते, फाइल कुणीही चालवेल, पण सुचली तिला.

मग आमच्या शेजारच्या रतनबाई आठवल्या. सगळ्या गल्लीच्या कुरडयांचा चीक त्याच शिजवतात. कधी उतरवायचा, ते त्यांनी आजवर कुणाला दाखवलेलं नाही. गेल्या आठवड्यात लेकीच्या बाळंतपणाला संगमनेरला गेल्या होत्या. इथून फोनावर फोन. तिसऱ्या दिवशी पिशवी घेऊन परत.

"माझ्याबिगर न्हाई व्हत ह्यांचं," दारातूनच सांगत होत्या. केवढा तोरा! आणि काल चीक घोटता घोटता मलाच म्हणाल्या, "नातवानं डोळं उघडल्यालं काय मी पायलं न्हाई."

तीच तऱ्हा मी माझ्या लेकीला शिकवत होते.

सोमवारी काय व्हायचं ते होवो. भीती गेलेली नाही, ती आहे तिथेच आहे. पण कॅलेंडरवरचा तो नंबर मी आत्ताच खोडला. शनिवारी आमच्या कुरडया आहेत. नोकरी लागल्यापासून राजनंदिनी कुरडयांना कधी लॅपटॉपशिवाय आलेली नाही. ती अजून जागीच असणार. तिलाच फोन लावते आणि सांगते, शनिवारी ये, पाठवायचं ते गोरक्ष पाठवेल, लॅपटॉप खोलीवरच ठेव.