न्हाल्यानंतरचं

निला, अरविंद, हे मी मराठीत लिहिते आहे आणि तुम्हांला देवनागरी वाचता येत नाही, हे मला ठाऊक आहे. तुमच्या बाबानं मोठ्यानं वाचून दाखवावं. मध्येच तो खाकरून पान उलटू लागला, तर उलटू देऊ नका. माझी धाकटी जाऊ सरोजा, जिला तुम्ही लहानपणी अर्धं तमिळ अर्धं मराठी करून चिन्नाजी, म्हणजे धाकटी आजी, म्हणू लागलात, ती गेली त्याला काही आठवडे झाले. दिवसकार्य आटोपलं, पापनाशमचे पाहुणे परतले, घर पुसून झालं... आणि परवा निला, तू फोनवर सहज म्हणालीस, "पाळीचं काही खरं नाही आजी, मधेमधे डाग दिसतात. कामाचा ताण असेल." मी "बरं" म्हणून फोन ठेवला. बोलायचं त्राण नव्हतं. पण तेच वाक्य मी या घरात फार वर्षांपूर्वी ऐकायला हवं होतं आणि ते कुणी उच्चारलंच नाही, म्हणून आता लिहिते.

सरोजा ओरत्तनाडूकडच्या एका खेड्यातून या तंजावरच्या घरात आली, ती थेट चुलीपाशीच. मी कॉलेजात इंग्रजी शिकवायला जायची, ती रांधायची. श्राद्धाचा स्वयंपाक असो, नवरात्राचा नैवेद्य असो, सासूबाईंना दुसऱ्या कुणाचा हात चालत नसे. "थोरली पुस्तकं शिजवते, धाकटी भात," असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायच्या. सरोजाला ते आवडायचं. माहेर गरीब, शिक्षण बेताचं. त्या स्वयंपाकघरात मात्र ती कुणाचं ऐकून घेत नसे. मी एकदा आमटीत डाव घातला, तर म्हणाली, "अक्का, तुम्ही व्याकरण बघा. मीठ मी बघते."

आमच्याकडे पाळीला 'दूर' म्हणत. बाई दूर बसली, की मागच्या खोलीत तिचं वेगळं ताट, वेगळी चटई. चौथ्या दिवशी पहाटे डोक्यावरून न्हायचं आणि घरात यायचं. न्हाली म्हणजे संपलं. शरीरात संपलं असो नसो, घराच्या हिशेबी संपलं. न्हाल्यानंतर काही दिसलं, तर त्याला आमच्या बोलीत शब्दच नव्हता. आणि सांगावं, तर पुन्हा चटई, पुन्हा मागची खोली. सरोजाला चाळिशीत मधेमधे रक्त जायचं, हे मला पुष्कळ नंतर कळलं. तेव्हा दिसायची ती फक्त पांढरी पडत चाललेली, भात उपसताना भिंतीला टेकणारी. मी तिला डॉक्टरकडे नेलं. त्या बाईंनी विचारलं, "पाळी नियमित येते?" सरोजा म्हणाली, "येते." खोटं नव्हतं ते. दूर बसायची वेळ तिला दर महिन्याला येत होती. बाकीचं ती पाळीत धरतच नव्हती. लोहाच्या गोळ्या मिळाल्या. घरी परतताना बसमध्ये ती खिडकीला डोकं टेकून झोपून गेली.

पुढे तिची पाळी गेली. सासूबाईही गेल्या. चटई कुणीतरी टाकून दिली, पण न्हाण्याचा हिशेब मनात राहिला. मग कितीतरी वर्षांनी एके दिवशी भाजी निवडताना ती हसत म्हणाली, "अक्का, ऐकलंत का? मी पुन्हा तरुण झाले गे."

"म्हणजे?"

"दिसतंय थोडं. नवरात्र होईतो कुणाला बोलू नका. नैवेद्य मला करायचा आहे."

या वेळी मी नवरात्राची वाट पाहिली नाही. दुसऱ्याच सकाळी तिला घेऊन गेले. या डॉक्टर वयस्क होत्या, आमच्याच गल्ल्यांमधल्या घरांत वावरलेल्या. त्यांनी नियमित-अनियमित विचारलंच नाही. तमिळमध्ये म्हणाल्या, "अम्मा, पाळी होती तेव्हा डोक्यावरून न्हाल्यावर काही दिसायचं?"

सरोजानं माझ्याकडे पाहिलं. "दिसायचं की. पुष्कळ वर्षं. पण ते पाळीतलं नव्हे..."

"मग कशातलं?"

डॉक्टरांनी तपासण्यांची चिठ्ठी लिहायला घेतली.

तपासणीत गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग निघाला, पसरलेला. डॉक्टरांनी शांतपणे समजावलं, ते तुम्हांला तसंच सांगते. एका पाळीच्या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत मोजायचं. थोडं मागेपुढे सगळ्यांचंच होतं. दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त दिसणं ही वेगळी गोष्ट, ती वेगळी सांगायची. बहुतेकदा कारण साधं निघतं: संप्रेरकं, थायरॉइड, एखादी गाठ, चालू असलेल्या गोळ्या. ताणानं पाळी पुढेमागे होतेही, पण ताणच आहे हे आपलं आपण ठरवायचं नाही. आणि पाळी कायमची गेल्यावर थेंब जरी दिसला, तरी वाट बघायची नाही. "तेव्हाचं रक्त याचंच होतं का?" मी विचारलं. त्या म्हणाल्या, "आता सांगता येणार नाही. तेव्हा पाहायला हवं होतं, एवढंच सांगते."

निला, तू जा. बहुधा काही निघणार नाही. तिथल्या डॉक्टरांना तारखा सांग, मधलं सांग, आणि त्यांनी विचारलं नाही तरी सांग. अरविंद, तू हे ऐकून तोंड फिरवू नकोस; तुझ्याही घरात कुणी बाई असेल.

शेवटच्या महिन्यांत सरोजाला उभं राहवत नव्हतं, रक्त थांबत नव्हतं. तिची एकच कुरकूर होती, की आता मी दूरच की, आत कशी येऊ. मी पुढच्या ओसरीवरची वेताची खुर्ची उचलून स्वयंपाकघरात, गॅसच्या समोर मांडली आणि तिला धरून बसवलं. खाली जुनी साडी दुमडून घातली. तिनं मान उंचावून कढईत पाहिलं. मग म्हणाली, "अक्का, फोडणी जळली." त्या नवरात्राचा नैवेद्य तिनं खुर्चीतून केला, हात तेवढे माझे होते.

तिच्या साड्या वाटल्या. औषधं फेकली. खुर्ची स्वयंपाकघरातच आहे.