दातांचा वाटा

वेदमूर्ती सदाशिवभट्ट टेंबे यांच्यापुढे मी प्रथम उभा राहिलो तेव्हा वीस वर्षांचा होतो. वेदाची संहिता पाठ झाली होती. त्यापुढचा घनपाठ, म्हणजे शब्द उलटसुलट जुळवून म्हणायचा अवघड पाठ, शिकण्यासाठी साताऱ्याहून काशीला आलो होतो. रामघाटावरच्या त्यांच्या घरी पोचलो, वळकटी खाली ठेवली आणि नमस्कार केला. ते म्हणाले, "तोंड उघड."

मी उघडले. त्यांनी मला उजेडाकडे वळवून नीट पाहिले.

"दात चांगले आहेत. तीसचाळीस वर्षं चालतील. त्यांच्यानंतर काय करणार?"

आतून काकूंचा, म्हणजे गुरुजींच्या पत्नींचा, आवाज आला. "अहो, आधी त्याला जेवू तर द्या. मग त्याच्या म्हातारपणाचं बघा."

"जेवण रोजचंच आहे," गुरुजी म्हणाले. "हे आज विचारलं नाही तर राहून जातं."

गुरुजींच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात त्यांच्या विद्वत्तेविषयी अधिकारी लोक लिहितीलच. मी तीन वर्षे शिकलो आणि नंतर काशीतच शाळामास्तर झालो. मला त्या एका प्रश्नाविषयीच लिहिता येईल.

वैदिकाची सारी मिळकत तोंडात असते. पुढचे दात पडले की 'त' आणि 'स' यांतून वारा निसटतो आणि पाठ अशुद्ध होतो. आमच्या लोकांना वेतन नाही, निवृत्ती नाही. तेव्हा पुष्कळजण दात गेल्यावरही पठणाच्या सभेत बसत राहतात. लोक ऐकून घेतात आणि दक्षिणा देतात. ती कशाची, हे घेणाऱ्याला कळत असते.

म्हणून गुरुजींच्या पाठशाळेत एक शिरस्ता होता. कोनाड्यात प्रत्येक विद्यार्थ्याची मातीची गुल्लक असे, वर नाव खडूने लिहिलेले. दक्षिणेचा चौथा हिस्सा त्या फटीतून आत जाई. त्याला आम्ही 'दातांचा वाटा' म्हणत असू. अक्षय्यतृतीयेला गुल्लका फोडायच्या, आणि गुरुजी आम्हाला ओळीने पोस्टात घेऊन जायचे. आमच्या पासबुकांची चळत ते स्वतः उपरण्यात बांधून नेत. पोस्टातले बाबू हसत. "पंडितजी, फिर पूरी बारात ले आये?"

घाटावर याची चेष्टा होई, टीकाही होई. एकदा एका वृद्ध शास्त्र्यांनी सर्वांदेखत विचारले, "ब्राह्मणानं उद्याचा संचय करावा, हे कोणी शिकवलं तुम्हांला?"

गुरुजी म्हणाले, "मी थांबायची सोय करतो आहे, शास्त्रीबुवा. नुसता संचय असता तर तुमचं खरं होतं."

या वाक्याचा अर्थ मला पुढे कळला. वेद सोडून इंग्रजी शाळेत नोकरी धरायचे मी ठरवले होते आणि ते सांगायला घाबरत होतो. गुरुजी मला नावेत घेऊन बसले. अमृतराव घाटासमोर नाव आली तेव्हा मी सांगून टाकले. ते रागावले नाहीत. त्यांनी आपल्या गुरूंची, आबाभट्टांची, हकीकत सांगितली.

आबाभट्टांचे दात गेले होते, पण हाताशी काही नव्हते. ते सभेला येतच राहिले. एका वसंतपूजेत, म्हणजे चैत्रातल्या वेदपठणाच्या सभेत, दुपारी, वैदिक समोरासमोर बसले होते. एका बाजूने म्हणावे, दुसरीने पुढे न्यावे. आबाभट्टांचा एक वर्ण बिघडला. समोर बसलेल्या तिशीच्या सदाशिवभट्टांनी, म्हणजे आमच्या गुरुजींनीच, तो तिथल्या तिथे, मोठ्याने, सुधारून म्हटला. पाठ शुद्ध राहावा हे त्यांना त्यांच्याच गुरूंनी शिकवले होते. सभेत कोणीतरी हसले. आबाभट्ट पुढे बोललेच नाहीत. यजमानांनी त्यांच्या हातात इतरांच्या दुप्पट दक्षिणा ठेवली.

"ती त्यांनी घेतली," गुरुजी म्हणाले. "त्यांना घ्यावी लागली. माझी दुरुस्ती बरोबर होती रे. पण ते तिथं बसलेच का होते, हे मी आधी विचारायला हवं होतं."

त्याच आठवड्यात ते आबाभट्टांना आपल्या घरी घेऊन आले. शेवटपर्यंत, आठ वर्षे, सांभाळले. हाताशी होते नव्हते ते त्यात गेले. स्वतःचा दातांचा वाटा गुरुजींनी सुरू केला तो वयाच्या चाळिशीत. "उशिरा सुरू केलं," ते म्हणाले. "माझे दात आणि माझं पासबुक यांची शर्यत लागली आहे. बघू."

नाव काठाला लागली. मी उतरत असताना त्यांनी मागून सांगितले, "पगारातला वाटा चुकवू नकोस. मास्तरांचेही दात पडतात."

ती शर्यत आम्ही सारे शिष्य तीस वर्षे पाहत होतो. विचारायची कोणाची छाती नव्हती.

दोन वर्षांपूर्वी माघात त्यांचे पुढचे दातही पडले. चैत्रात अहिल्याबाई घाटाजवळच्या एका घरी वसंतपूजा होती. अग्रस्थान त्यांचेच. मी श्रोत्यांत बसलो होतो. पन्हे, भिजवलेले हरभरे आणि पंखे वाटून झाले. पाठ सुरू झाला. त्यांचा आवाज पूर्वीसारखाच होता. मग एका 'त'शी वारा निसटला.

समोर माधव बसला होता, त्यांचा सर्वांत तरुण घनपाठी. त्याने पुढचा भाग उचलायचा होता. पण त्याने मान खाली घातली.

गुरुजी थांबले.

"माधवा, काय चुकलं?"

"काही नाही, गुरुजी."

"खोटं बोलायला मी शिकवलं नाही. म्हण."

माधवाने तो भाग शुद्ध म्हटला. वर्ण स्वच्छ होते. गुरुजींनी सबंध ऐकले. मग ते उठले, माधवाचा हात धरून त्याला आपल्या पाटावर बसवले, आणि येऊन माझ्या शेजारी श्रोत्यांत बसले. यजमान दक्षिणा घेऊन आले तेव्हा त्यांनी हात जोडले.

"आज मी ऐकायला आलो आहे. ऐकणाऱ्याला हरभरे पुरतात."

कोणी हसले नाही. परतताना, त्यांच्या घराच्या दाराशी पोचता पोचता, मी भीतभीत विचारले, "गुरुजी, पुरेल ना?"

ते बोळके दाखवून हसले. "तुझ्या काकूला विचार. ती म्हणते, दोघांना पुरेल, मात्र मला मलई बंद."

"नुसती मलई नाही," काकू दारातून म्हणाल्या. "पानही. दात नाहीत तर पान कशाला?"

तेव्हापासून ते कोणाच्या निमंत्रणाची वाट पाहत नाहीत. सकाळी पाठशाळेच्या ओटीवर बसतात. विद्यार्थी म्हणतात, ते ऐकतात. चुकले की नुसते बोट वर करतात. माधव शिकवतो. कोनाड्यात नव्या गुल्लका आहेत.

गुरुजींचे आणि काकूंचे आयुष्य खूप मोठे असो, प्रकृती उत्तम राहो. साठवलेला तो वाटा त्यांच्या हातून शेवटच्या पैपर्यंत सुखाने खर्च व्हावा, मलईसकट. आणि ते इतके जगावेत की तो अपुरा पडावा. त्या दिवसासाठी कोनाड्यात त्यांच्या नावाची एक गुल्लक आम्ही शिष्यांनी ठेवली आहे. ती त्यांनी अजून पाहिलेली नाही.