गिरणी लावताना राहिलेलं काम

आमचा भाग तेव्हा मध्यप्रदेशात होता आणि चंद्रपूर जिल्ह्याला चांदा म्हणत. सावली या गावाकडच्या एका बाजाराच्या गावी धानाची गिरणी होती. माझा नवरा तिथे इंजिनाचा मिस्त्री होता. त्याला अक्षर येत नव्हतं. मी चौथी शिकले होते.

महाशिवरात्रीची मार्कंड्याची जत्रा आटोपली आणि तो हिवतापाने पडला. तीन दिवस गिरणी बंद राहिली. चौथ्या दिवशी बाजार होता. मालकाने सांगून पाठवलं, की बाजाराच्या दिवशी गिरणी लागली नाही तर वरोऱ्याहून दुसरा मिस्त्री आणतो. मालक बोलला की करायचाच. आम्हाला शेती नव्हती. नोकरी गेली असती तर दोघांनाही सडकेवर गिट्टी फोडायला जावं लागलं असतं. लग्नाआधी मी ती फोडली होती, म्हणून मला ते नको होतं.

मी नवऱ्याला म्हटलं, इंजिन कसं चालू करता ते सांगा, मी लिहून घेते. त्याने डोळे मिटून सांगितलं आणि मी चहाच्या पुड्याच्या कागदावर लिहिलं. आधी पिंपात पाणी भरायचं. तेलाच्या वाट्या भरायच्या. पट्टा रिकाम्या, नुसत्या फिरणाऱ्या चाकीवर आहे का पाहायचं. मग इंजिनाच्या डोक्याखाली घासलेटचा दिवा लावायचा आणि डोकं लाल होईस्तोवर चाकाला हात लावायचा नाही. मग मोठं चाक उलटं झुलवून सोडायचं. इंजिन नीट ठोके देऊ लागलं की दिवा काढायचा आणि लाकडाने पट्टा कामाच्या चाकीवर ढकलायचा. एवढं सांगून तो झोपला.

सकाळी मी कागद घेऊन गेले. चाक माझ्याने हलत नव्हतं, म्हणून दोन हमालांना लावलं. त्यातला एक म्हणाला, आता बाईमाणूस इंजिन हाकणार, उद्या बैल स्वयंपाक करतील. मी त्याला म्हटलं, बैलाचं बैल पाहील, तू चाक फिरव. तिसऱ्या खेपेला इंजिन लागलं. तोवर बाहेर कडुनिंबापर्यंत बायांची रांग लागली होती.

पहिली एक शेतकरीण होती. तिच्या मुलीचं लग्न पंधरा दिवसांवर आलं होतं आणि तिने अक्षतांसाठी वेगळं राखलेलं धान आणलं होतं. मी ते हलरात, म्हणजे धान भरडायच्या यंत्रात, ओतलं. खाली तांदूळ पडू लागला, तिने ओंजळीत घेतला आणि उजेडात धरला. पांढऱ्यात पिवळसर दाणे होते. ते उसन्याचे, म्हणजे धान उकडून वाळवतात आणि मग भरडतात, त्या तांदळाचे. आमच्याकडे खायला तो चालतो, अक्षतेला चालत नाही. तो एकदा शिजलेला धरतात.

ती म्हणाली, "मिस्त्रीणबाई, हे काय करून राह्यली? माह्या पोरीच्या डोक्यावर शिजलेला तांदूळ टाकू काय?"

रांगेतून कोणी म्हणालं, "टाक वो, जावई उपाशी तं नाई राहणार."

बाया हसल्या. ती हसली नाही. तुझं धानच तसं होतं, असं सांगता आलं असतं. गिरणीवाले सांगतात. मी पट्टा रिकाम्या चाकीवर सरकवला आणि हलर उघडून पाहिला. आत कोणाचा तरी उसना अडकून होता, गिरणी बंद पडली त्या दिवसाचा. मी तिला सांगितलं, चूक माझी आहे.

कोपऱ्यात मालकाच्या घरची पोती होती, कच्च्या, न उकडलेल्या धानाची. एक फोडलं. आधी हलर साफ व्हायला अर्धं टोपलं नुसतं जाऊ दिलं, मग दाणा पांढरा आल्यावर तिच्या धानाचा झाला असता तेवढा तांदूळ तिला मोजून दिला. ती बांधून घेत होती तेवढ्यात मालक आला.

"कोणाले इचारून माह्या पोत्याले हात लावला?"

"कोणालेच नाई," मी म्हटलं. "तुमाले शोधत बसली असती तं ह्या बाया दुसऱ्या गिरणीवर गेल्या असत्या."

त्याने रांगेकडे पाहिलं. कोणी गेलं नव्हतं. त्याने तो मिसळलेला तांदूळ चिमटीत घेतला, चावून पाहिला, हमालाला आपल्या घरी टाकायला सांगितला आणि गादीवर जाऊन बसला. मिस्त्री कधी येतो, हे त्याने विचारलं नाही. मी पुढचीचं धान घेतलं.

घरी गेल्यावर नवऱ्याला सांगितलं. तो उठून बसला.

"पह्यले कोंड्याचं टोपलं नाई फिरवलं हलरातून? मी तं रोज फिरवतो."

"तुम्ही सांगितलंच नाई."

"तू इंजिन इचारलं होतं," तो म्हणाला आणि पुन्हा पांघरूण घेतलं.

वरोऱ्याचा माणूस आला नाही. आणखी सहा दिवस मीच गिरणी लावली. मग नवरा कामावर गेला आणि मी मोहफुलं वेचायला जाऊ लागले. त्या साली मोह लवकर पडला होता.