टॉवेलाखालचा भाव

तीन ठिकाणी भाव विचारल्याशिवाय देवसुद्धा घरात आणू नये, असं मानणारा माणूस अख्ख्या सोलापुरात एकच होऊन गेला, आणि तो माझ्या सासूबाईंचा सख्खा भाऊ होता. देवाचं मी उगाच म्हणत नाही. एका गणेशचतुर्थीला मामा मूर्ती आणायला सकाळी बाहेर पडले. पहिल्या दुकानात भाव विचारला, दुसऱ्यात विचारला, तिसऱ्यात विचारून पुन्हा पहिल्यात आले, तोवर तिथल्या साऱ्या मूर्ती लोकांच्या घरी जाऊन बसल्या होत्या. उरली होती ती एकच, सोंडेचं टोक उडालेली. मामांनी तीच आणली. दारात मामी आरतीचं ताट घेऊन उभ्या होत्या. त्या बघतच राहिल्या. मामा म्हणाले, "सोंडेकडं बगू नको, भावाकडं बग की!"

मामांचा जन्म बार्शीच्या धान्यबाजारात दलाली करण्यात गेला. पुढं गुडघे धरले, तेव्हा धंदा सोडून ते आणि मामी सोलापुरात बाळीवेशीजवळ आमच्या वरच्या दोन खोल्यांत राहायला आले. कपाळाला भस्माचे पट्टे, पांढरं धोतर, आणि खांद्यावर लाल काठाचा टॉवेल. हा टॉवेल घाम पुसायचा नव्हता. बार्शीच्या बाजारात तेव्हा भाव तोंडानं बोलत नसत. घेणाऱ्याच्या आणि विकणाऱ्याच्या हातांवर टॉवेल टाकायचा आणि आत एकमेकांची बोटं दाबून भाव सांगायचा, म्हणजे शेजारी उभ्या असलेल्याला कळू नये. पटला नाही तर बोट झटकायचं. पटला की सगळी मूठ धरून दाबायची. मूठ दाबली की सौदा पक्का, त्यानंतर भाव हा शब्द काढायचा नाही. मामांनी धंदा सोडला, पण टॉवेल सोडला नाही. भाजीवालीसमोर उभे राहिले तरी त्यांचा उजवा हात आपोआप टॉवेलाकडं जायचा, आणि ती बिचारी पदर सावरून मागं सरायची. आमच्या भागातल्या भाजीवाल्या त्यांना लांबूनच ओळखत. मामांना कानडी मराठीइतकंच यायचं, पण कानडी माणूस भेटला की ख्यालीखुशालीच्या आधी त्यांच्या तोंडून 'एष्टु?' म्हणजे 'केवढ्याला?' हेच यायचं.

स्टेशनवर उतरले की तीन टांगेवाल्यांशी घासाघीस व्हायची. तिसऱ्याशी बोलणं होईपर्यंत पहिला सवारी घेऊन निघून जाई आणि दुसरा हसत निघून जाई. मग मामा ट्रंक डोक्यावर घेऊन घरापर्यंत चालत यायचे. पाठ धरायची, मामी तेल चोळायच्या, आणि मामा पालथे पडल्या पडल्या सांगायचे, "एका टांग्याचं न्हाई, तिगांचं भाडं वाचलं." मामी तेल चोळता चोळता माझ्याकडं बघून म्हणायच्या, "मला बगायला आलं तवा बी आदी दोन ठिकानी भाव इचारून आलं हुतं, बग. मी तिसरी." मामा यावर नुसता टॉवेल तोंडावर ओढून घेत.

अशा माणसाचा एकुलता मुलगा कुवेतला गेला. तिकडं तेलाच्या कारखान्यात फिटरची नोकरी होती. एजंटाला द्यायला मामांनी होतं नव्हतं ते सगळं बाहेर काढलं. मुलाचा पहिला पगार झाला आणि त्याचं पत्र आलं की पैसे कसे पाठवू. त्या दिवसापासून मामांच्या म्हातारपणाला पालवी फुटली. आजवर तूर, ज्वारी आणि करडई एवढंच होतं, आता दिनार आला. दिनाराचे रुपये किती होतात, हे प्रत्येक बँकेत वेगळं आणि रोज वेगळं असतं, हे कळल्यावर तर मामांना स्वर्ग दोन बोटं उरला.

मामा रोज जेवून निघायचे. स्टेशनाकडची एक बँक होती, तिचं कमिशन कमी, पण ड्राफ्टचे पैसे हातात यायला महिना लागायचा. नव्या पेठेतल्या बँकेत काम लवकर व्हायचं, पण तिथं दिनाराला काही पैसे कमी मिळायचे, आणि वर टपालखर्च म्हणून वेगळं कापून घ्यायचे. तिसरा मार्ग तारेचा. दोन-तीन दिवसांत पैसे हजर, पण त्याचा खर्च ऐकून मामा बँकेतल्या बाकावर खाली बसले होते. भाव चांगला तिथं कमिशन जास्त, कमिशन कमी तिथं भाव वाईट. मामा घरी येऊन मला म्हणत, "पोरी, हितं समदे दलालच हायती. फकस्त टॉवेल न्हाई कुनाकडं."

ती कसर मामांनी स्वतःच भरून काढली. त्या दिवशी मी सोबत होते. मामींनीच मला पाठवलं होतं. "तू जा संगं. बाईमानूस असलं की आवाज चडवत न्हाईत," असं त्या म्हणाल्या होत्या. मी बँकेत तोवर पाऊल टाकलं नव्हतं. खांबाला लागून उभी राहिले. मामा खिडकीशी गेले. आत गोल चष्म्याचे साहेब होते. मामांनी आजचा भाव विचारला, साहेबांनी सांगितला. मामांनी डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं, मग खिडकीतून हात आत घातला, साहेबांचा हात धरला आणि त्यावर टॉवेल टाकला. साहेब दचकून ओरडले, "अहो, हे काय करताय?" मामा हळूच म्हणाले, "बोलू नका. मागं लोक ऐकत्यात. बोटानं सांगा." शिपाई धावत आला. साहेबांनी हात सोडवून घेतला आणि म्हणाले, "काका, हा भाव मी ठरवत नाही. मुंबईहून येतो." मामांनी टॉवेल झटकून खांद्यावर टाकला. "मग मुंबईचा मानूस बशिवा की खिडकीत! तुमी कशाला बसलाय?" सगळी बँक हसली. साहेबही हसले. मी मात्र पदर डोळ्यांपर्यंत ओढून घेतला.

बाजारात एक कापडवाला होता. तो कसलंच कमिशन न घेता, बँकेपेक्षा चढा भाव देऊन घरपोच पैसे आणून देतो, असं मामांच्या कानावर आलं. मामा गेले. भाव ऐकून त्यांचे डोळे चमकले. मग त्यांनी पावती मागितली. तो म्हणाला, "काका, आमच्यात कागद नसतो. जबान असते." मामा उठले. "जबान आमच्यात बी असती. पर आमच्यात जबान फिरली तर पोतं वकारीत सापडतंय. तुजी जबान मी कंच्या वकारीत हुडकू?" भावाच्या पाठीमागं उभा जन्म घालवलेला माणूस सगळ्यांत चांगला भाव सोडून आला. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

शेवटी मामांनी आपलं शास्त्र बसवलं. दिनारालाही हंगाम असतो, असं त्यांचं ठाम मत झालं. दिवाळीला आखातातली सगळी पोरं घरी पैसे धाडतात, म्हणजे आवक वाढते, म्हणजे भाव पडणार. मृगात बी-बियाण्याला पैसा लागतो, तेव्हा मागणी वाढते, म्हणजे भाव चढणार. माझ्या नवऱ्यानं समजावलं की मामा, दिनार वावरात पिकत नाही. मामा म्हणाले, "पिकत नसंल, पर इकला जातोय का न्हाई? इकली जाती ती वस्तू बाजाराचा कायदा पाळती." आणि त्यांनी मुलाला कळवलं की पैसा तिथंच साठवून ठेव, मी सांगीन तेव्हा धाड.

नेमकं याच काळात मामींच्या डोळ्यात मोतीबिंदू निघाला. दुसऱ्या डोळ्यात लहानपणीच देवीचं फूल पडलेलं होतं, तो नावालाच होता. म्हणजे चांगला असा हा एकच. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की अजून पिकला नाही, पिकल्यावर काढू, तोवर खर्चाची तयारी ठेवा. मामांना हे फार पटलं. "बगा, डागतर बी आमच्यातलाच निगाला," ते सगळ्यांना सांगत सुटले. "पिकल्याबिगर कशाला हात लावू नये. मोतीबिंदू पिकंल, तवर दिनार बी पिकतोय."

दोन्ही पिकण्याची वाट बघत मामा बसले. दिनार चढला की म्हणायचे अजून चढेल, उतरला की म्हणायचे आता चढेल. मामींचं मात्र चढण्याचं काही नव्हतं, उतरतच होतं. आधी त्यांनी जिना उतरणं सोडलं. मग पोथी सोडली. मग मी वर गेले की त्या पावलांच्या आवाजावरून "कोन गं?" म्हणून विचारायला लागल्या. माझ्या नवऱ्यानं उसने पैसे देऊ केले. मामा म्हणाले, "उसनवारीचा भाव समद्यात म्हाग असतोय, बाबा." मामी तक्रार करत नव्हत्या. एकदा फक्त मला म्हणाल्या, "भाव बगता बगता आमचं बगायचं ऱ्हाऊन जाईल गं." आणि मग स्वतःच हसल्या.

मामींना धान्य निवडण्याची हातोटी होती. बार्शीत असताना मामांच्या गिऱ्हाइकांना दाखवायचा वानगीचा दाणा त्याच निवडायच्या. त्यांच्या सुपातून खडा सुटला, असं कधी कुणी ऐकलं नव्हतं. एका दुपारी मी वर दही द्यायला गेले. मामा जेवत होते. भाताचा घास त्यांनी तोंडात घातला आणि कडकन आवाज झाला. मी ऐकला. मामींनीही ऐकला असणार, कारण त्यांचा वाढता हात तसाच थांबला. मामांनी खडा काढला नाही. घास तसाच गिळला, पाणी प्यायले आणि म्हणाले, "भात झ्याक झालाय. आनी वाड." मामी चाचपत भात वाढू लागल्या. मामांनी आपलं ताट हळूच सरकवून त्यांच्या हाताखाली आणलं.

पान संपवून ते उठले आणि भर उन्हात मामींना टांग्यात घालून डॉक्टरांकडं घेऊन गेले. मीही बरोबर होते. पहिल्याच टांगेवाल्यानं जे भाडं सांगितलं त्यावर मामा चढून बसले. टांगेवाला वळून वळून बघत होता. डॉक्टर रागावले. मोतीबिंदू पिकून पुढं चालला होता. आणखी थांबलात तर डोळ्यात फुटेल, मग माझ्या हातात काही नाही, असं ते म्हणाले. आठवड्याच्या आत पैसे भरा, मी करतो.

मामा तिथून तडक तारघरात गेले. मी मामींना घरी सोडून मागोमाग पोचले, तर ते खिडकीशी उभे होते आणि आतला माणूस त्यांचं म्हणणं इंग्रजीत उतरवून घेत होता. 'आईच्या डोळ्यासाठी पैसे तारेने पाठव. भाव बघू नको.' परदेशाच्या तारेला शब्दागणिक पैसे पडतात. आतला माणूस भला होता. तो म्हणाला, "आजोबा, 'भाव बघू नको' हे काढून टाकू का? तेवढेच वाचतील." मामांनी मान हलवली. "ऱ्हाऊ द्या. त्ये नसंल तर तार माजी हाय म्हनून पोराला खरंच वाटायचं न्हाई."

पैसे आले. कोणत्या बँकेतून, काय भावानं, काय कापून, हे मामांनी विचारलं नाही. खिडकीवर गोल चष्म्याचेच साहेब होते. ते कागदावर बोट ठेवून समजावून सांगायला लागले, तर मामा म्हणाले, "ऱ्हाऊ द्या सायब. सही कुटं करू?"

ऑपरेशन झालं. तेव्हा दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधून, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून निजवत. हलायचं नाही, बोलायचं नाही, खोकायचंसुद्धा नाही. मी पायथ्याशी बसले होते. मामा उशाशी स्टुलावर होते. त्यांना गप्प बसायची सवय नव्हती, सारखे टॉवेलाशी चाळा करत होते. मग त्यांनी इकडंतिकडं बघितलं, मामींचा हात आपल्या हातात घेतला आणि वरून टॉवेल टाकला. मला वाटलं, वारा लागू नये म्हणून. पण टॉवेल हलायला लागला. आत बोटं बोलत होती. मामींना ती भाषा येत असेल, हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. त्यांनी दोनदा बोट दाबून काहीतरी विचारलं असावं. मामा जरा थांबले. मग टॉवेलाखाली त्यांनी मामींची सगळी मूठ धरली आणि दाबली. पट्टीखाली मामींचे ओठ हसले. मामा घाईनं म्हणाले, "हासू नको, टाका तुटंल."

डोळा वाचला. घरी आल्यावर मामींनी पहिल्यांदा सूप मागितलं आणि तांदूळ निवडायला बसल्या. मामा समोर बसून बघत होते. पुढं कितीतरी वर्षं मामा दिनाराचे भाव विचारत बँका हिंडले, साहेबांशी भांडले, टांग्यासाठी ताटकळले. त्यांच्यात काही बदल झाला, असं मला म्हणता येणार नाही. मामींचं औषध घेताना मात्र ते भाव विचारत नसत.

मामा गेल्यावर मुलगा कायमचा परत आला. एकदा मामींजवळ बसले होते, तेव्हा मी धीर करून विचारलं, "मामी, त्या दिवशी दवाखान्यात तुम्ही मामांना काय विचारलंत?" मामी म्हणाल्या, "आनी काय इचारनार? भाव काय मिळाला, म्हनलं." मग त्यांनी माझा हात घेतला, आपला पदर वरून ओढला, आणि माझी मूठ धरून दाबली. बराच वेळ सोडली नाही.